दर्याला पाठ दिलेलं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं त्याचं घर दगडामातीचं असणार. आमचं घर लाकडी पेट्यांत भरून जहाजानं आलं, आणि त्या पेट्या उघडल्या तेव्हा आत काय होतं ते मी अजून विसरलेले नाही. कुजका पेंढा, त्याला आलेली हिरवट बुरशी, आणि पेंढ्यात मरून वाळलेली झुरळं, आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठी, पाय आभाळाकडे केलेली. वर एक वास. सरस आणि सडके बोंबील एका टोपात शिजवले तर येईल तसा. मी तिथेच वाळूत ओकले. बावा, म्हणजे माझे वडील, मात्र पेटीत वाकून एकेक फळी हातानं कुरवाळत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता, तो माझ्याकडे बघताना मी कधी पाहिला नव्हता.

हे आज उकरून काढायचं कारण माझी नात. ती खारघरला राहते, आणि गावच्या आमच्या वाडीत तिला तयार घर आणून ठेवायचं आहे. भिंती कारखान्यातून येतात म्हणे, गवंडी नको, सुतार नको, आठवड्यात घर उभं. मला फोनवर चित्र दाखवून म्हणाली, "सो क्यूट ना, नानी?" पांढरंशुभ्र घर, पुढे नारळ, दारात हसणारी माणसं. माझ्या दाढांखाली कचकन वाळू आली. खरोखर आली, मी उठून चूळ भरली. पोरीला वाटलं, नानी जुन्या वळणाची, तिला नवं काही रुचत नाही. तसं नाही. मिक्सर, गॅस, विमान, सगळं मी हसत घेतलं. मला किळस आहे ती त्या एका घराची, आणि ती का आहे ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून बसले आहे.

माझे बावा बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांवरचे मुकादम. आमचं गाव बाणकोटच्या खाडीजवळ. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ते लाजेनं, आणि मुलं बापाला ओळखत नसत ते खरोखरच. बाप यायचा, पेटी उघडायचा, साबण नि कापड वाटायचा, आणि तोंडओळख होते न होते तोच पेटी बंद करून जायचा. मांचं लग्न झाल्यापासून तिनं बावांबरोबर सलग एक पावसाळासुद्धा काढला नव्हता. पुढे बावांनी समुद्र सोडला आणि ते कुवेतला मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर, तेलाची जहाजं दोरांनी बांधायच्या कामावर एका कंत्राटदार कंपनीत लागले. कंपनीनं सांगितलं, स्वतःचं घर असेल तर बायकोमुलांना आणा, बराकीत ठेवता येणार नाही. मांला निरोप आला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. हातातली भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली तरी तिला कळलं नाही. तिला एवढंच हवं होतं, एक छप्पर आणि त्याखाली नवरा. बाकी जगात काय आहे नि काय नाही याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

मी, रुकी, तेव्हा अर्धवट वयाची, नाक सदा मुरडलेलं. बोटीवर डिझेलच्या वासानं आणि लोकांच्या ओकाऱ्यांनी माझा जीव नकोसा झाला होता. उतरल्यावर आगीतून फुफाट्यात, म्हणतात तसं झालं. घर उभं राहीपर्यंत आम्ही कुवेत शहरात बनेद अल-गार वस्तीत गफूरचाचांकडे राहिलो. गफूरचाचा बावांचे लहानपणापासूनचे सोबती, त्यांना नुसतं हुसेन म्हणणारे, आमच्याच गावचे, आणि इंजिनियर लोकांच्या मेसमध्ये स्वयंपाकी. त्यांच्या एका खोलीत मधे चादर बांधून दोन संसार. साऱ्या चौकाला मिळून एक संडास, आणि त्याच्याविषयी मी या वयातही लिहू शकत नाही. पाणी पिंपातून यायचं, त्याला रॉकेलचा वास. माशा इतक्या की चहाच्या कपावर हात ठेवून बोलावं लागे. मी रोज मांला म्हणायची, चल परत जाऊ. मां हसायची. ती त्या दिवसांत सारखी हसायची, त्याचाही मला राग यायचा. संध्याकाळी बावा कामावरून आले की ती चादरीमागे जाऊन केसांना तेल लावायची. "यडी हायस," मला म्हणायची, "घर तयार होतंय तवर. आपलं घर."

आता त्या घराविषयी. ते कुवेतसाठी केलेलंच नव्हतं. कुठल्याशा दूरच्या बेटासाठी ते विलायतेत बनवलं होतं, जिथे दरवर्षी समुद्रातून मोठी तुफानं येतात नि गावंच्या गावं उडवून नेतात. तिथली मागणी रद्द झाली की काय झालं कोण जाणे, कंपनीनं अशी काही घरं उचलून आणली. इंजिनियर साहेबांनी एकदा आत डोकावून नाकाला रुमाल लावला आणि नको म्हणाले. मग एक बावांना मिळालं. साहेबांनी नाकारलेली वस्तू आपल्याला मिळाली की आपली माणसं तिला नशीब म्हणतात. पेटीत एक रंगीत चित्र होतं, त्यात समुद्राकडच्या बाजूला आंधळी जाड भिंत, तिला खिडक्या नाहीत. विरुद्ध बाजूला सारी भिंतच तिरक्या पट्ट्यांची, झिलमिलीसारखी, वारा आत यावा म्हणून. त्या पट्ट्या कायमच्या बसवलेल्या, मिटत नसत. आणि चार कोपऱ्यांना पोलादी दोर, जमिनीत पुरलेल्या नांगरांना ताणून बांधलेले. सारंगाला दोर दिसले, आणखी काय हवं? बावा त्या चित्रावर लट्टू झाले.

जागा मिळाली कंपनीच्या हद्दीत, रिफायनरीच्या दक्षिणेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथे समुद्र पूर्वेला. मां पहिल्या सकाळी पाण्यातून सूर्य वर येताना बघून घाबरीच झाली होती. आमच्याकडे तो पाण्यात बुडतो. वाळूवर डांबराच्या गोळ्या पसरलेल्या असायच्या, पाय ठेवला की चिकटायच्या, आणि रॉकेल लावून घासल्याशिवाय निघायच्या नाहीत. आणि वारा, तो तिथे समुद्राकडून येतच नाही. येतो तो वायव्येकडून, वाळवंटावरून. त्याला ते लोक शमाल म्हणतात, आणि तो भरून आला की जी धूळ उठते तिला तूझ. हे बावांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते तिथे काही वर्षं काढून बसले होते. तरी त्यांनी आंधळी भिंत समुद्राकडे लावली आणि पट्ट्यांची भिंत वाळवंटाकडे.

मांला हे पहिल्याच दिवशी खटकलं. ती बापडी कधी घराबाहेर पडली नव्हती, पण वारा कुठून येतो हे बाईच्या जातीला चुलीवरून कळतं. बाहेर मांडलेल्या चुलीचा धूर समुद्राकडे जाताना तिनं बघितला आणि बावांना म्हणाली, "रुकीच्या बावा, ही भिंत तिकडं नि ती हिकडं पायजे. धूल समदी आत येल." बावा दोर ताणत होते. मान वर न करता म्हणाले, "दर्याला पाठ द्यायची. दर्याला तोंड दाखवलंस का तो घरात येतो."

"हितला दर्या खाडीवानी गुमान हाय. धुलीचं काय?"

"धूल झाडली का गेली. पानी झाडता येतं काय?"

खाडीवर, किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या लोकांचं हे असंच. वाळूचे डोंगर अंगावर आले तरी ते हात झटकतील, पण पाण्याचा ओघळ दिसला की उशापायथ्याचं सगळं माळ्यावर चढवतील. मला तेव्हा वाटलं, बावा हट्टी आहेत, चित्रातल्या घराचा हट्ट धरून बसलेत. मां चुलीकडे वळली. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेल्या माणसाशी पहिल्याच आठवड्यात कोण भांडेल?

राहायला गेलो आणि धूळ आमच्याबरोबर राहायला आली. तूझ नसेल तेव्हाही ती असायची, पिठासारखी बारीक, पट्ट्यांमधून गाळून आलेली. अंथरुणात, कणकेत, दुधाच्या सायीवर, कुराणाच्या बासनावर, मांच्या सुरम्याच्या डबीत. पट्ट्यांवर ओली गोणपाटं टांगली तर त्यांचा चिखल होऊन आत ठिबकायचा आणि दोन दिवसांत गोणपाटाला कुबट वास सुटायचा, ओल्या कुत्र्याचा. मानेच्या वळ्यांत घाम आणि धूळ मिळून काळ्या वाती होत, त्या बोटानं चोळून काढायच्या. दमट दिवस आले की भिंतींना घाम फुटायचा, तो पेटीतला सरसाचा वास जिवंत व्हायचा, आणि पट्ट्यांच्या सांध्यांतून कसले तरी पांढरे किडे निघून दिव्याखाली वळवळत पडायचे. जेवताना पहिला घास तोंडात घेऊन मी डोळे मिटायची आणि चावायची. कच्. झुबैदीचं, म्हणजे तिथल्या पापलेटचं, कालवण असो की गावाहून आलेल्या सुकटीची चटणी, शेवट कच्. बावा समोर बसून मजेत जेवायचे. मला त्यांच्या चावण्याच्या आवाजाचीसुद्धा शिसारी येऊ लागली होती.

आणि मां खोकू लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. तामचिनीच्या वाडग्यात ती थुंकायची आणि तो वाडगा धुण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यातला तो मातकट, चिकट गोळा. मी नाक दाबून, दुसरीकडे बघत धुवायची आणि धुतल्यावर हाताचा वास घेत बसायची. मां म्हणायची, "नुसती धूल हाय गो, गेली का बरं वाटंल." बावाही तेच म्हणायचे. दोघांचं एकमत झालेलं मी फक्त याच एका बाबतीत पाहिलं.

नव्या घरात मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची कवनं, पढायचा राहिला होता. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा बावांनी बकरा मिळवला आणि आमच्याकडचे, म्हणजे रत्नागिरी-कुलाब्याकडचे, धक्क्यावरचे सगळे लोक बोलावले. बायका दोन-चारच होत्या, त्या मांबरोबर आतल्या खोलीत. मांनं आदल्या दिवसापासून खपून सांदणं केली, वडे तळले, नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि मटण केलं. खोकत खोकत केलं. आमच्याकडे एका थाळ्याभोवती चौघांनी बसून जेवायची रीत. तसे थाळे लागले, मौलूद झाला, जेवणावर फातेहा पढला. आणि आमीन म्हणता म्हणता पट्ट्यांमधून येणारा उजेड पिवळा झाला. मग विटकरी. मग पट्ट्या शिट्ट्या घालू लागल्या.

तूझ मी आधी पाहिली होती, पण अशी नाही. पट्ट्यांच्या प्रत्येक फटीतून लाल धुळीची एकेक पट्टी आत आली आणि खोलीत समोरचा माणूस दिसेनासा झाला. लोकांनी टोप्या, रुमाल, सदऱ्याची टोकं तोंडावर घेतली. थाळ्यातला पिवळा भात बघता बघता तांबूस झाला. आणि बावा? बावा मधोमध उभे राहून, वर बघून, ओरडत होते, "बगा! हाललं काय? येक खिला तरी हालला काय?" खरंच, घर तसूभरही हललं नव्हतं. जगातलं कुठलंही तुफान ते घर उचलू शकलं नसतं. फक्त आतली माणसं मरत होती. कुणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायला तोंड उघडावं लागतं. मग बावा खाली बसले आणि म्हणाले, "जेवा. फातेहा पढलेलं जेवान हाय, टाकायचं नाय."

तेही खरं होतं. नियाजचं, म्हणजे फातेहा पढून वाटलेलं, अन्न टाकत नाहीत, शीतसुद्धा खाली पडलं तर उचलून खातात. म्हणून ती सगळी दांडगी माणसं, जहाजं बांधणारी, त्या थाळ्यांतली वाळू खाऊ लागली. मी आतल्या दारातून बघत होते. कच्, कच्, कच्. रुमाल वर करायचा, घास कोंबायचा, रुमाल खाली. एकाच्या दाढीतून लाल लाळ गळत होती. कुणी तरी कण्हत गिळलं. गफूरचाचा, स्वतः स्वयंपाकी, डोळ्यांतून पाणी काढत मांच्या हातचं ते मटण वाळूसकट खात होते आणि मान हलवत होते, छान आहे म्हणून. असं घाणेरडं जेवण मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि माणसं इतकी मर्यादशील असू शकतात यावर तेव्हापासून माझा विश्वास बसला तो तसाच आहे.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मां भिंतीला टेकून बसली होती, ती कलंडली होती. तिच्या छातीतून एक आवाज येत होता, भाता फाटला की येतो तसा, आणि ओठ जांभळे झाले होते. बायका टॉवेलांनी तिला वारा घालत होत्या आणि त्यानं धूळ आणखी उडत होती. मी किंचाळले, "बावा!" ते धावत आले. त्यांच्या मिशीत भाताची शितं होती. मांकडे बघून त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला, लहान मुलाचा होतो तसा. मग त्यांनी तिला उचललं, स्वतःचा सदरा काढून तिच्या तोंडावर धरला आणि त्या लाल अंधारात बाहेर गेले. मला त्यांचा राग आला होता, फार आला होता. तरी मी त्यांच्या मागे पळाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. हिला दमा आहे, धूळ तिला चालणार नाही. त्या घरात ठेवायची असेल तर कबर खणून ठेवा, नाही तर पहिल्या बोटीनं गावी पाठवा. माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, लाडू फुटले. गावी! विहिरीचं पाणी, स्वच्छ अंगण, मऊ भात. मां उशीला टेकून बसली होती, अजून धापत होती. म्हणाली, "मी बोटीवर चढनार नाय. भिंती बदला." बावा खाली बघत उभे राहिले आणि निघून गेले.

गफूरचाचा मागे थांबले. स्टुलावर बसून त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "भाबी, हुसेनाला भिंती बदलायला सांगू नुका. तुमाना कुनी सांगला नाय?" कुणीच सांगितलं नव्हतं. बावांचं लहानपणीचं घर अगदी किनाऱ्यावर होतं, दार समुद्राकडे. एका पावसाळ्यात तुफान आलं आणि लाट दार फोडून घरात शिरली. घरात बावा आणि त्यांची धाकटी बहीण. बावांनी तिचा हात धरला होता. लाट परतली तेव्हा बहीण दारातून तिच्याबरोबर गेली. "बांगडी हातात ऱ्हायली तेच्या," गफूरचाचा म्हणाले, "पोर गेली." माझ्या आजीनं उरलेला जन्म त्या मुलीचं नावही काढलं नाही. मां सासूबरोबर इतकी वर्षं एका चुलीवर जेवली आणि तिला आपल्याला एक नणंद होती हेच ठाऊक नव्हतं.

मांनं सगळं ऐकून घेतलं. पदर तोंडावर घेतला, काढला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "ती पोर मेली, चाचा. मी जिती हाय. तेना सांगा, भिंती बदला." इतकं कठोर वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आज मला ते कठोर वाटत नाही, बरोबर वाटतं.

पुढच्या शुक्रवारी धक्क्यावरचे लोक आले आणि भिंती बदलल्या. बोल्ट काढले, आंधळी भिंत काढून वाळवंटाकडे नेली, पट्ट्यांची समुद्राकडे. वाळू खाल्लेलीच ती माणसं, कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. बावांनी स्वतः बोल्ट आवळले. घर मधे काही वेळ दोन्हीकडून उघडं होतं, तेव्हा आरपार समुद्र दिसत होता, आणि त्या वेळात बावा दूर जाऊन, पाठ करून, वाळूत बसून होते.

मां घरी आली. आणि, माझ्या तोंडून हे यावं याचं मलाच नवल, घर बरं झालं. धूळ थांबली. सकाळी पट्ट्यांमधून पाण्यावरचा उजेड छतावर हलायचा. मांचा खोकला उतरला. ती भाकऱ्या थापताना गुणगुणायची. वाडगा कोरडा राहू लागला. पण बावा जेवायला बसायचे ते समुद्राकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, आणि लाटेचा आवाज जरा वाढला की त्यांचा घास हातात थांबायचा. जेवण झालं की म्हणायचे, रातपाळी हाय. रोज रातपाळी. मांनं काही दिवस डबा भरून दिला. मग तिनं एका शुक्रवारी दुपारी मला डबा देऊन धक्क्याजवळच्या बराकीत पाठवलं. "बग, बावा काय करतात," इतकंच म्हणाली.

ती बराक म्हणजे घाणीचा कळस. एका लांबट खोलीत फळ्यांवर फळ्या, वर वाळत घातलेले लंगोट, विडीची थोटकं, घामाचा आणि शिळ्या मच्छीचा दर्प, एकही खिडकी नाही. मी नाक धरून आत गेले. बावा एका फळीवर, भिंतीकडे तोंड करून, तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांच्या पायावर माशा बसल्या होत्या. शेजारचा खलाशी म्हणाला, "सारंग हितंच झोपतात. रातपाळी कसली?" मी डबा ठेवला आणि पळत सुटले. मांला सगळं सांगितलं, माशांसकट. तिनं एकच विचारलं, "घोरत व्हते?"

"व्हय. मोठ्यानं."

मां तिथेच जमिनीवर बसली. खूप वेळ तिनं समुद्राकडे बघितलं. मी म्हटलं, "मां, तेना ऱ्हाऊ दे तिकडं. आपन हिकडं बरं हाय." तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उठून चुलीकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून ती कंपनीच्या भंगारातून डांबरी कागद आणि पत्र्याचे तुकडे आणू लागली. स्टुलावर चढून, पदर कमरेला खोचून, तिनं समुद्राकडच्या पट्ट्या एकेक करून ठोकून बंद केल्या. मी खिळे धरले, चरफडत धरले. हेच करायचं होतं तर भिंती बदलल्या कशाला, तो सारा खटाटोप कशासाठी, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "गप. त्यो तुकडा दे." शेवटचा पत्रा बसला आणि घरात अंधार झाला. आता वाळवंटाकडून धूळ नाही, आणि समुद्राकडून वाराही नाही. कुवेतच्या उन्हाळ्यात चारी बाजूंनी बंद पेटारा, आणि आत आम्ही. डांबर तापून त्याचा वास डोक्यात चढायचा. अन्न दुपारपर्यंत आंबायचं.

त्यानंतरच्या शुक्रवारी बावा नमाज पढून घरी आले. दारात थांबले, बंद भिंतीकडे बघितलं, तिच्यावरून एकदा हात फिरवला. जेवले, आणि टोपी काढून चटईवर आडवे झाले. मी कोपऱ्यात बसले होते, अंगातून घामाच्या धारा, डांबराच्या वासानं मळमळत होतं, आणि त्या घराचा, त्या दोघांचा, त्या सगळ्याचा मला इतका तिटकारा आला की मी म्हटलं, "मां, जीव घुसमटत नाय तुना?" मां भिंतीला टेकून बसली होती. तिची छाती परत वाजायला लागली होती, हळूहळू.

"घुसमटतंय गो," ती म्हणाली. "पर ऐक, झोपलेत."